खोलीत माणूस आहे का

"हा माणूस आता तीनच रविवार," अंबुअक्का म्हणाली आणि तिनं रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

मी तेव्हा अकरावीत होते. रविवारी दुपारी एक वाजता एका केशतेलाच्या कंपनीचा कार्यक्रम लागायचा. त्या आठवड्याची दहा तमिळ सिनेगीतं, दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत. तंजावूरच्या आमच्या वीधीत, म्हणजे गल्लीत, त्या वेळी घराघरातून तेच ऐकू यायचं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलं तरी गाण्यातली एक ओळ चुकत नसे. निवेदकाचं नाव रंगराजन. आवाज जाड आणि सावकाश, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखा. शहाळीवाल्यापासून आमच्या वडिलांपर्यंत सगळ्यांना तो आवडायचा.

"काय म्हणून?" मी विचारलं.

"आकडा सांगायच्या आधी गिळतो बघ. आता ऐक."

मी ऐकलं. रंगराजन म्हणाले, "पाचव्या क्रमांकावर..." मला काहीच वेगळं वाटलं नाही.

"घसा नाहीं. खालून येतंय," ती म्हणाली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तीन रविवार रंगराजन आले. चौथ्या रविवारी एका बाईचा आवाज आला. ती म्हणाली, "मी सुजाता." जणू काही पहिल्यापासून तीच होती. आमच्या घरी वडील जेवता जेवता म्हणाले, "अरे, बाई आली," आणि पुन्हा ताकभाताकडे वळले. रंगराजन कुठे गेले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रेडिओवरची माणसं जाताना सांगत नाहीत.

अंबुअक्का आमच्या शेजारी एकटी राहायची. सव्वीस वर्षं ती तंजावूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बाहेरगावचा फोन लावायचा तर आधी नंबर सांगून ठेवायचा, मग ती नाहीतर तिच्यासारखी कुणीतरी लांबच्या गावाची तार तुमच्या तारेला जोडून द्यायची, असे ते दिवस होते. ते संपत आले होते. बसस्टँडजवळ काचेचे एसटीडी बूथ उभे राहत होते आणि लोक स्वतःच आकडे दाबून मद्रासशी बोलत होते.

ती लहानखुरी होती. दोन्ही नाकपुड्यांत खडे. डोक्यावर इतकी वर्षं हेडसेटची पट्टी बसून तिच्या केसांत एक आडवा भांग पडला होता, या कानापासून त्या कानापर्यंत. त्यावर ती तेल लावायची, तरी केस कधी आले नाहीत. बोलणाऱ्याकडे ती तोंड करत नसे, डावा कान करत असे. नवीन माणसाला वाटायचं, बाई रुसली आहे.

तिची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, तंजावूरची, तमिळच्या चालीवर चालणारी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरात मला मराठी समजायची, उत्तर मी इंग्रजीत द्यायचे, तेही आवश्यक असेल तरच. देवनागरी मी पुढे पुण्यात नोकरी करताना शिकले. अक्काला ती लिपी कधीच वाचता आली नाही, त्यामुळे तिनं हे वाचण्याची भीती नाही. तिची वाक्यं मात्र जमतील तेवढी तिच्या तोंडची ठेवली आहेत.

तिच्या दोन गोष्टी वीधीत सगळ्यांना माहीत होत्या. एक, ती कधी कुणाला हाक मारून बोलणं सुरू करत नसे. दार उघडायची आणि म्हणायची, "सांगा." दुसरी, ती बोलणं संपवत नसे. काम झालं, भाव ठरला, निरोप दिला, तरी ती तिथेच कान करून उभी. "बरं येतो", "पाहू मग" असलं काही तिच्या तोंडून निघत नसे. समोरचा माणूस वळून पार दिसेनासा होईपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहायची. दूधवाला आधी सायकलवर बसायचा आणि मग तिच्या दाराची घंटा वाजवायचा.

"अंबूकडं जातेस तर जा," आई म्हणायची, "पण निघायचं तूच. ती काही सोडायची नाहीं. मागच्या पोंगलला मी तिच्या दारात पाऊण तास होते. भात करपला माझा."

मी जायचे, कारण तिथे बोलावं लागत नसे. आमच्या घरात पाहुणे आले की मला पुढे करून "इंग्लिशमध्ये काहीतरी सांग" म्हणायचे, आणि माझे कान तापायचे. अक्काकडे फक्त ऐकायचं असायचं. भिंतीला टेकून मी, स्टुलावर ट्रान्झिस्टर, त्याला डावा कान लावून ती. एक्स्चेंजमध्ये रद्द केलेल्या कॉल-तिकिटांचे गठ्ठे तिनं घरी आणले होते. दर रविवारी एक तिकीट ती भरायची. कोण बोललं, केव्हा सुरू, केव्हा बंद. शेवटी शेऱ्याची जागा. त्या जागी तमिळमध्ये एखाददुसरा शब्द. "सर्दी." "घरी भांडण." "नवी चप्पल." नवी चप्पल कशी ऐकू आली, ते मी विचारलं होतं. "पाय हलवतो की टेबलाखाली," ती म्हणाली, जणू मीच बहिरी.

सुजाताला येऊन तीन-चार महिने झाले असतील. एका रविवारी आईही डांगर पचडीचं भांडं घेऊन आली आणि टेकली. सातवा क्रमांक झाला. अक्कानं तिकिटावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस गे?" आईनं विचारलं.

"दोघं."

"कोण दोघं? एकटीच तर बोलते."

"श्वास दोघांचा घेते," अक्का म्हणाली. "तिला अजून ठाऊक नाहीं. असेल आठ-दहा दिवसांचं."

"अय्यो, लग्नाच्या मुलीसमोर काय बोलतेस!" आई भांडं न घेताच उठली.

मला हसू आलं होतं. पण त्या दिवसापासून मीही सुजाताकडे लक्ष देऊन ऐकायला लागले. आवाज हळूहळू आखूड होत गेला. वाक्याच्या मध्येच थांबायची, हसून सावरून घ्यायची. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी पहिल्या क्रमांकाचं गाणं लावण्याआधी ती म्हणाली की आता मी मोठी रजा घेते आहे, आमच्या घरी छोटे पाहुणे यायचे आहेत. आमच्या स्वयंपाकघरात पळी खाली पडली.

"तिच्यासमोर बोलत जाऊ नकोस," रात्री आई मला म्हणाली. "ती आपलं बोलणं ऐकत नाहीं. आतलं ऐकते."

आई स्वतः अक्काशी दारातल्या दारात, मान हलवून बोलायला लागली. वीधीतल्या आणखी दोघी-तिघींनी तसंच केलं. मी मुळात बोलत नव्हते, म्हणून मला वाटलं मी सुरक्षित आहे. तमिळमध्ये लहान मुलीला म्हणतात तसं ती मला पापा म्हणायची. पुढच्याच आठवड्यात अक्का मला म्हणाली, "पापा, तू दोन तऱ्हेनं गप्प बसतेस. आज दुसरी तऱ्हा आहे. काय झालं?" त्या सकाळी माझा निकाल लागला होता आणि गणितात कमी गुण पडले होते. घरी अजून सांगितलं नव्हतं.

सुजातानंतर वसंतन आला.

तो पहिला रविवार मला नीट आठवतो. एप्रिल होता, वीज गेली होती, ट्रान्झिस्टर सेलवर चालू होता. कोवळा, नीटस आवाज. प्रत्येक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखा. "वणक्कम. मी वसंतन. दहाव्या क्रमांकावर..." अक्काचा हात तिकिटावर होता. तो तिथेच राहिला. मग तिनं जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ट्रान्झिस्टर स्टुलावरून उचलून तिनं मांडीत घेतला आणि त्याच्या जाळीला कान दाबून धरला.

नऊ. आठ. सात. गाणी लागली की ती मान वर करायची आणि समोरच्या भिंतीकडे पाहायची. आकडा आला की पुन्हा कान. कार्यक्रम संपला तेव्हा तिच्या गालावर जाळीचे बारीक चौकोन उमटले होते. तिकिटावर शेऱ्याची जागा कोरी होती.

तीन रविवार असंच चाललं. चौथ्या रविवारी तिनं मला जवळ बोलावलं. "तुझे कान तरुण आहेत. आकड्याच्या आधी काय ऐकू येतंय, सांग."

मी कान लावला. "सहाव्या क्रमांकावर" म्हणण्याच्या किंचित आधी एक बारीक आवाज आला. लाकडावर नखानं टिचकी मारल्यासारखा. पाचव्याच्या आधीही आला. चौथ्याच्याही.

"टिचकी," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. "मला वाटलं, मला भास होतोय."

मग तिनं मला गोपूबद्दल सांगितलं. गोपू तिचा धाकटा भाऊ. आमच्या घरी त्याचं नाव कुणी घेत नसे, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो लहानपणी अडखळत बोलायचा. शब्द तोंडाशी यायचा आणि तिथेच अडकून बसायचा. अक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिनं त्याला शिकवलं की शब्द अडला की जवळच्या कशावर तरी एक टिचकी मार, म्हणजे तो सुटतो. पाटावर, पाटीवर, स्वतःच्या दातांवर. त्यानं तो बोलता झाला. पण बापापुढे टिचकी चालत नसे. एकोणिसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत त्याला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. वडिलांनी पंगतीत, सगळ्यांच्या देखत, त्याची नक्कल करून दाखवली. पानावरून उठून तो गेला तो गेलाच.

"मग एकदा फोन आला," अक्का म्हणाली.

हे सांगताना ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, कान करून नाही. म्हणून मला ते जास्त आठवतं.

चार वर्षांनी. वडील वारले होते. दुपारची पाळी. विजयवाड्याच्या ऑपरेटरनं कॉल पुढे केला. अक्कानं, तिला शिकवलेल्या आवाजात, नंबर विचारला. एक्स्चेंजमध्ये सगळ्यांचा आवाज सारखाच असायचा, तो तसाच शिकवलेला होता. पलीकडून एक टिचकी ऐकू आली आणि मग वीधीतल्या डॉक्टरांच्या घरचा नंबर. त्या वेळी फोन त्यांच्याकडेच होता. गोपूला कळलं नाही की नंबर विचारणारी आपली बहीण आहे. तिला मात्र कळलं. तिच्या मागे सुपरवायझर बाई फेऱ्या मारत होती. लाईनवर ठरलेल्या वाक्यांपलीकडे एक शब्द बोललं तर लेखी खुलासा.

"मी जोडून दिलं. डॉक्टरांचा कंपाउंडर आईला बोलवायला धावला. मी लाईनवर होते. त्याचा श्वास ऐकू येत होता. डॉक्टरांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. आई वाटण वाटत बसलेली असणार, हात धुतले असणार, मग निघाली असणार. तीन मिनिटं झाली. तीन मिनिटं झाली की विचारायचं, वाढवायचं का. मी विचारलं."

"मग?"

"त्याला होय म्हणायचं होतं. अडला. टिचकी मारली. परत मारली. परत. पाच आकडे मोजायचे आणि उत्तर नाहीं आलं तर तार काढायची, असा नियम. मी मोजले. तेवढ्यात डॉक्टरांच्या दारात चपला काढल्याचा आवाज आला. मला आला. आणि माझ्या हातानं तार ओढली. मला ठाऊक होतं की त्याला वेळ लागतो. सगळ्या जगात मलाच ठाऊक होतं. पण हात त्याच्या आधी गेला."

आई पोचली तेव्हा रिसिव्हरमध्ये काही नव्हतं. ती पुढे दोन वर्षं जगली. फोन पुन्हा आला नाही.

त्या दिवशी मला कळलं की ती बोलणं का संपवत नाही.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. रेडिओवरचा वसंतन गोपू असेल, तर त्याच्यापर्यंत निरोप जावा, आणि तो पळून जाऊ नये. कार्यक्रमात पाचव्या क्रमांकानंतर श्रोत्यांचं एक पत्र वाचत. ती स्वतः लिहू शकत होती, पण तिचं अक्षर त्यानं ओळखलं असतं. म्हणून पत्र मी लिहायचं ठरलं, इंग्रजीत, माझ्या नावानं. तीन दिवस आम्ही ते चार ओळींचं पत्र लिहीत होतो. तिनं प्रत्येक शब्द मला मोठ्यानं वाचायला लावला.

शेवटी पत्र असं झालं. मी तंजावूरची एक कॉलेजची विद्यार्थिनी. आमच्या शेजारच्या बाई दर रविवारी तुमचा कार्यक्रम ऐकतात. त्यांच्या आई गेल्या, शेवटी त्यांना त्रास झाला नाही. त्या अजून त्याच घरात राहतात. त्या तुमचं निवेदन फार लक्षपूर्वक ऐकतात, आणि तुम्हाला बोलताना हवा तेवढा वेळ घ्या असं सांगतात.

शेवटची ओळ तिची.

सहा रविवार काही झालं नाही. सातव्या रविवारी पाचव्या क्रमांकाचं गाणं संपलं आणि वसंतन म्हणाला, "आजचं पत्र इंग्रजीत आहे, तंजावूरहून, सुगुणा यांचं." समोरच्या घरातून कुणीतरी "ए, सुगुणा!" म्हणून ओरडलं. अक्कानं माझं मनगट पकडलं.

तो वाचता वाचता तमिळमध्ये सांगत होता. विद्यार्थिनी. शेजारच्या बाई. "त्यांच्या आई..." आणि तो थांबला.

रेडिओवर कुणी थांबत नाही. मी नंतर घड्याळ लावून पाहिलं आहे, चार सेकंद रेडिओ गप्प बसला तर माणूस उठून सेल तपासतो. आमच्या वीधीत त्या वेळी तेच झालं. सगळ्या घरांतून एकदम काहीच ऐकू येईना. कुणीतरी रेडिओवर थाप मारली. मग एक टिचकी. मग "चौथ्या क्रमांकावर", आणि गाणं.

पत्राचा पुढचा भाग त्यानं वाचलाच नाही.

"टेपवर केलेला कार्यक्रम आहे हा," अक्का म्हणाली. "मद्रासला आधी भरून ठेवतात. गप्प बसलेलं कापून टाकतात. हे कापलं नाहीं. कोणीतरी म्हणालं असणार, राहू दे." तिचा चेहरा उजळला होता. मी तिला तेवढं आनंदात आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढच्या रविवारी वसंतन नेहमीसारखा आला. वणक्कम, मी वसंतन. टिचकी, दहावा क्रमांक. अक्कानं सातव्या क्रमांकापर्यंत ऐकलं आणि ती मागे सरकली. ट्रान्झिस्टरकडे अशी पाहायला लागली, जसं आपण ओळखीच्या घराला लागलेल्या कुलपाकडे पाहतो.

"खोलीत माणूस नाहीं," ती म्हणाली.

"बोलतोय की, अक्का."

"बोलतोय. पण खोलीत नाहीं."

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. मला तिचं म्हणणं खोटं ठरवायचं होतं, तिच्याच भल्यासाठी. आमच्याकडे वडिलांचा टू-इन-वन होता. त्यावर मी पुढच्या दोन रविवारांचे कार्यक्रम भरून घेतले आणि सोमवारी दुपारी, घरात कुणी नसताना, एकामागून एक लावून पाहिले. गाणी वेगळी होती. आकडे तेच होते. नुसते तेच नाही. "सहाव्या क्रमांकावर" म्हणताना मागे, फार लांब, एक ऑटो हॉर्न वाजवत गेली होती. दोन वेळा, एक आखूड, एक लांब. दुसऱ्या कॅसेटवर "सहाव्या क्रमांकावर" आलं आणि मागून तीच ऑटो गेली. एक आखूड, एक लांब. टिचकीही तीच. मी पाच वेळा ऐकलं. मग घरातली सगळी दारं उघडून ठेवली आणि बाहेरच्या तिण्णैवर, रस्त्यावरची माणसं दिसतात त्या ओट्यावर, आई येईपर्यंत बसून राहिले.

वसंतन गेला होता, आणि कुणीतरी त्याचे जुने आकडे कापून नव्या गाण्यांमध्ये बसवत होतं. असे नऊ रविवार गेले. नऊ रविवार सगळी वीधी त्या रिकाम्या खोलीतला आवाज ऐकत जेवत होती. "काय छान बोलतो पोरगा," वडील म्हणायचे. पत्रं वाचणं बंद झालं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ताटाकडे पाहायचे. सहावा क्रमांक आला की त्या ऑटोच्या हॉर्नची वाट पाहायचे.

दहाव्या रविवारी नवीन मुलगा आला. अर्धं इंग्रजी बोलणारा, प्रत्येक गाण्याआधी हसणारा. त्यानंही जुन्याचं नाव घेतलं नाही.

एकदा अक्का म्हणाली, "परत मीच ओढली, पापा." मी म्हणाले, पत्र मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "तू जोडून दिलंस."

मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला की तो गोपू नसेलही. टिचकी मारणारी माणसं आणखी असतील. थांबला तो कदाचित त्याची स्वतःची आई आठवून. ती नुसती ऐकत राहिली, मी गप्प होईपर्यंत. मग म्हणाली, "पहिल्यानं मी रंगराजन म्हणाले, तो गेला. सुजाता म्हणाले, ती गेली. आता हा. मी एखाद्याला ओळखलं की तो उठून जातो."

त्यानंतर तिनं तिकिटं भरणं बंद केलं.

थोड्याच दिवसांत एक्स्चेंजमधले जुने बोर्ड काढले. ऑपरेटर बायकांना इकडे तिकडे बसवलं, अक्काला तक्रारींच्या खिडकीवर. तिथे लोक तिच्यावर ओरडायचे आणि ती डावा कान करून शांतपणे ऐकून घ्यायची. रांग पुढे सरकत नसे. मात्र त्याच वर्षी तिच्या घरी फोन आला, तांबड्या रंगाचा. आल्या दिवशी तिनं माझ्याकडून शेवटचं पत्र लिहून घेतलं. वसंतन यांना, केशतेलाच्या कंपनीच्या पत्त्यावर, कृपया पुढे पाठवावे. आत फक्त फोन नंबरचे सहा आकडे. ना नाव, ना मजकूर. महिन्याभरानं कंपनीचं छापील कार्ड आलं की सदर निवेदक आमच्याकडे नाहीत, त्यांचा पत्ता उपलब्ध नाही. पण आमचं पत्र परत आलं नाही.

मी पदवी पूर्ण केली आणि मला बंगळूरला पहिली नोकरी लागली. निघायच्या दिवशी रविवार होता. गाडी संध्याकाळची. आईनं मुरुक्कूचा डबा देऊन मला निरोप घ्यायला पाठवलं आणि मागून बजावलं, "निघायचं तूच, लक्षात आहे ना?"

कार्यक्रम सुरू झाला होता. अक्का आत कॉफी गाळत होती. मी नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसले. नवीन मुलगा हसला आणि आठव्या क्रमांकाचं गाणं लागलं. तेव्हा फोन वाजला.

"अक्का, फोन," मी म्हणाले. आतून उत्तर आलं नाही. तो वाजत राहिला. मला फोन उचलायची भीती वाटते, आजही वाटते. पण त्या लहान खोलीत तो फार मोठ्यानं वाजत होता. मी रिसिव्हर उचलला आणि कानाला लावला. हॅलो म्हणायला तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणे आवाज निघाला नाही.

पलीकडूनही कुणी बोललं नाही. पण तिकडे खोली होती. पंखा फिरत होता. कुणीतरी खुर्चीत हललं. आणि त्याच्या मागे, बारीक, तो नवीन मुलगा हसला आणि आठव्या क्रमांकाचं गाणं लागलं. आमच्याकडे ते आधीच लागलेलं होतं; तिकडे टेप दुसऱ्या केंद्रावरून, जरा मागून लागत असणार.

पाठीमागून अक्काचा हात आला. तिनं माझ्या हातातून रिसिव्हर घेतला. कानाला लावला नाही. चार घड्यांचा पंचा टेबलावर ठेवून त्यावर तो आडवा ठेवला, एवढाही आवाज न करता. फोनवर परत ठेवला नाही.

"बोललीस?" तिनं फक्त ओठ हलवून विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"बरं केलंस."

"रोज येतो?" मीही ओठांनीच विचारलं.

"रविवारी. तिसरा महिना."

"गोपूमामा?"

तिनं चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला कॉफीचा वास होता. मग मला दारापर्यंत नेलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजली, "मला सांगायला लावू नको गे. मी काही ऐकत नाहीं आता. मी नुसती बसते."

ती परत गेली. तिनं स्वतःचा ट्रान्झिस्टर बंद केला. पंखाही बंद केला, जूनमधल्या दुपारी. टेबलापासून दोन हातांवर, जमिनीवर बसली. कान नाही, तोंड त्या रिसिव्हरकडे करून. तिनं कॉफीचा टंबलर उचलला आणि फुंकर न घालता निवायची वाट पाहू लागली.

मी तिला येते म्हणाले नाही. रस्त्यावर आले आणि खिडकीतून पाहिलं. ती तशीच होती. आडव्या भांगातून घाम चमकत होता. वीधीतल्या सगळ्या घरांतून सातव्या क्रमांकाचं गाणं सुरू झालं. मी थांबले. मग तिच्या खिडकीतूनही ते सुरू झालं, पार लांबून आल्यासारखं, बाकीच्यांच्या किंचित मागून.